स्कॉलरशिप जाईल म्हणून सोडून दिलेला एक कोर्स

कॉम्प्युटर सायन्सला नुकतीच अ‍ॅडमिशन मिळालेली मुलं मेसेज करतात त्यात बहुतेक दोनच प्रश्न असतात, ऑनर्स घेऊ का आणि स्कॉलरशिप कशी मिळेल. मिळालेली स्कॉलरशिप टिकवताना काय काय हातचं जातं हे कोणी विचारत नाही, आणि मला नेमकं त्याच्यावरच बोलायचंय.

मला स्कॉलरशिप होती. ती नसती तर मी शिकूच शकले नसते, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटेल मी स्कॉलरशिपच्या विरोधात आहे. पत्र आलं तेव्हा घरी सगळ्यांनी वरची रक्कम वाचली, मी पण तेवढीच वाचली. खाली बारीक अक्षरात होतं की दर सेमिस्टरला अमुक एक जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, राहिलाच पाहिजे, एकदा खाली गेला तर वॉर्निंग, दुसऱ्यांदा गेला तर पैसे बंद. ती ओळ पुढे चारही वर्षं माझ्या मानगुटीवर बसली होती. कोर्स निवडायची वेळ आली की सिलॅबस नंतर उघडायचे, आधी सीनियर्सना विचारायचे की मार्क कोण सढळ हाताने देतं.

दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटर आर्किटेक्चरचा, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी आतून कशी चालते त्याचा, पुढचा कोर्स घेतला होता. विषय आवडत होता, खरंच आवडत होता, पण पहिल्या क्विझला निम्म्याहून कमी मार्क पडले आणि मी ड्रॉप करायच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री तो सोडून दिला. त्याच्या जागी एक सोपा कोर्स घेतला ज्यातलं आज मला एक वाक्य आठवत नाही. जीपीए वाचला.

त्याची किंमत कळली शेवटच्या वर्षी ऑनर्सच्या थीसिसला. माझा प्रोग्रॅम एका मोठ्या मॅट्रिक्सवरून, म्हणजे आकड्यांच्या ओळी-कॉलमच्या तक्त्यावरून, फिरून बेरजा करायचा आणि तो इतका स्लो चालायचा की मी तीन आठवडे अल्गोरिदममध्येच, म्हणजे हिशोबाच्या पायऱ्यांमध्येच, चूक शोधत बसले, कागदावर पुन्हा पुन्हा मांडून बघितलं, दर वेळी उत्तर तेच की एन ओळी आणि एन कॉलमना एन स्क्वेअर स्टेप्स, याहून कमी होणार नाहीत. शेवटी गाईडकडे गेले. त्यांनी कोड बघितला आणि आतला लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड) बाहेर, बाहेरचा आत केला, बस्स, दुसरं काही नाही. प्रोग्रॅम कितीतरी पट फास्ट पळाला. सी मध्ये मॅट्रिक्स मेमरीत ओळीओळीने ठेवलेला असतो, आणि प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा उचलत नाही, आजच्या बहुतेक मशीनवर एका वेळी ६४ बाइट्सचा तुकडा कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, आणतो, म्हणजे चार बाइटचे १६ आकडे. मी कॉलमने उभी खाली जात होते, म्हणजे १६ आकडे मागवायचे, त्यातला एक वापरायचा आणि पुढच्या ओळीसाठी परत नवीन तुकडा मागवायचा. बिग ओ च्या हिशोबात, म्हणजे नुसत्या स्टेप्स किती वाढतात ते मोजलं तर, दोन्ही कोड सारखेच. हे सगळं त्या सोडलेल्या कोर्सच्या चौथ्या का पाचव्या आठवड्यात होतं, सिलॅबसवर छापलेलं होतं.

बरं, आता ऑनर्सचं. मुलं याला डिग्रीवरचा शिक्का समजतात, आणि शिक्का म्हणून बघितलं तर तो सगळीकडे एक पण नाही. ब्रिटनमध्ये नेहमीची बॅचलर डिग्रीच बहुधा ऑनर्स असते आणि तिचे फर्स्ट, सेकंड असे क्लास असतात, ऑस्ट्रेलियात बऱ्याच ठिकाणी तीन वर्षांनंतर वेगळं एक वर्ष असतं, अमेरिकेत बहुतेक जादा कोर्स आणि शेवटी थीसिस. त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका, तुमच्याकडे त्यात थीसिस आहे का आणि गाईड खरंच वेळ देतो का ते आधी बघा. वर्षभर एकाच प्रश्नाला चिकटून बसायला मिळतं हीच त्यातली खरी कमाई आहे, नोकरी लागल्यावर तसं फार कमी जणांना मिळतं.

ईविन टँग या कॉम्प्युटर सायंटिस्टचं उदाहरण मी प्रत्येकाला देते. टेक्सास युनिव्हर्सिटीत, ऑस्टिनला, स्कॉट अ‍ॅरनसन तिचे गाईड होते. तिला अंडरग्रॅज्युएट थीसिससाठी प्रश्न मिळाला की रेकमेंडेशनचा, म्हणजे कोणाला काय आवडेल ते सुचवणारा, क्वांटम कॉम्प्युटरसाठीचा एक अल्गोरिदम आहे, तेवढ्या वेगाने साध्या कॉम्प्युटरला ते जमणारच नाही हे सिद्ध कर. ती सिद्ध करायला बसली, होईना, आणि २०१८ मध्ये तिने उलटंच दाखवलं, साध्या कॉम्प्युटरसाठी जवळजवळ तसाच फास्ट अल्गोरिदम शोधून काढला. वय १८. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याचं पण तसंच, १९५१ मध्ये एमआयटीत रॉबर्ट फॅनो सरांनी त्याच्या वर्गाला सांगितलं, फायनल परीक्षा द्या नाहीतर पेपर लिहा, आणि पेपरच्या त्या प्रश्नातून डेटा कमी जागेत बसवायचं जे कोडिंग निघालं ते आज झिप आणि जेपीईजी मध्ये आहे. दोघंही हुशार होतेच, पण उत्तर ठरलेलं नाही असा प्रश्न त्यांना विद्यार्थी असतानाच कोणीतरी हातात दिला हेही खरंय.

आता जीपीएला जपणारं पोर असा प्रश्न घेईल का? नाही घेणार, मी पण नव्हता घेतला, थीसिससाठी मी गाईडकडच्या यादीतला सगळ्यात सुरक्षित विषय उचलला होता. ज्यांच्या घरून फी येते ते एखादा कोर्स गटांगळ्या खात का होईना पूर्ण करतात आणि शिकतात, आणि ज्यांना शिष्यवृत्तीवर शिकायचंय त्यांनी मात्र अवघड विषयाला हात लावायचा नाही, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. पैसे देणाऱ्याला हिशोब हवा, मान्य आहे. मग सेमिस्टरऐवजी वर्षाचा जीपीए धरा, दरवर्षी एखादा अवघड कोर्स ग्रेड न धरता नुसता पास-फेल घेऊ द्या. यात देणाऱ्याचा एक पैसा जास्त जात नाही.

अर्ज करणाऱ्यांना एकच सांगते. निबंधात लहानपणापासून कॉम्प्युटरची आवड होती असं लिहू नका, तसं सगळेच लिहितात. तुम्हाला रडवलेला एखादा बग घ्या, काय समजत होतात, काय निघालं, कसं सापडलं, ते सविस्तर लिहा. रेकमेंडेशन लेटरसाठी सरांना शेवटच्या दोन दिवसांत गाठू नका, निदान महिनाभर आधी सांगा आणि सोबत तुमचं काम पाठवा. आणि पत्र आलं की रकमेच्या खालचं आधी वाचा, न कळलेलं लेखी विचारा.

गेल्या महिन्यात एका मुलीला मी हेच सांगितलं. तिला कंपायलर्स (कोडचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणारे प्रोग्रॅम) हा कोर्स घ्यायचा होता आणि स्कॉलरशिपमुळे हिंमत होत नव्हती. तिने ऑफिसला मेल करून विचारलं, पास-फेलवर घेतलेला कोर्स जीपीएत धरता का? दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं, वर्षाला एक चालतो, जीपीएत धरत नाही. नियम आधीपासूनच होता. तिने कंपायलर्स घेतलाय, सध्या पार्सरवर, म्हणजे कोडची वाक्यरचना ओळखणाऱ्या भागावर, अडकलीये आणि रात्री अकराला मला एररचे स्क्रीनशॉट पाठवते.