फलक वेळेवर, इंजेक्शन कधीच नाही

आज तिला तिसऱ्यांदा परत पाठवलं. "इंजेक्शन अजून आलं नाही." हे सांगताना मान वर होत नाही माझी.

दिवस राहू नयेत म्हणून घ्यायचं हे इंजेक्शन पटवायला या एका बाईकडे आठ महिने खेटे घातलेत मी. सासू घरात असली की विषय काढायचा नाही, नवरा असला की दारातूनच मागे फिरायचं. पाळी थांबते म्हणजे रक्त आत साठतं, ही भीती काढण्यातच दोन महिने गेले. अगं, साठत नाही, गर्भाशयाचं अस्तरच पातळ राहतं, मग बाहेर पडणार काय? कितीदा सांगितलं असेल! शेवटी पटलं. पहिला डोस घेतला. पुढच्या तारखेचं कार्ड तिने चार घड्या घालून कपड्यांच्या तळाशी लपवलं आणि बरोबर त्या दिवशी आली. मजुरी बुडवून, कडेवर पोर घेऊन, पायी. आणि कपाट रिकामं!

हे इंजेक्शन, म्हणजे डीएमपीए, दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं. जागतिक आरोग्य संघटना उशिराला चार आठवड्यांची सूट देते. तिची ती सूटही परवा संपली. यात तिची चूक काय?

कंडोम दिले हातात. ज्या नवऱ्यासमोर हा शब्द काढायची सोय नाही, तो वापरणार? तांबी म्हणावी, तर ती बसवणारी नर्स बदलून गेली आणि जागा तशीच रिकामी.

लोकसंख्या दिनाचे फलक मात्र ११ जुलैच्या आधी हजर! गठ्ठेच्या गठ्ठे, हसरं कुटुंब छापलेले. त्यांना गाडी मिळते. या कुपीला तर शीतपेटीही लागत नाही, साध्या कपाटात राहते. त्याच गाडीच्या एका कोपऱ्यात मावली असती की!

वर बैठकीत मलाच ऐकवतात, "तुमचं समुपदेशन कमी पडतं." समुपदेशन? मुलं किती आणि किती अंतराने हवीत हे ठरवणं हा आई-बापांचा हक्क, असं १९६८ साली तेहरानच्या परिषदेत जगाने मान्य केलं. तिने ठरवलंय हो! द्यायला तुमच्याकडे काही नाही.

आणि ती गप्प बसेल थोडीच? दहा जणींना सांगेल, जाऊ नका, फुकट हेलपाटा. त्या दहा दारांत पुन्हा मीच उभी राहायची.

निघताना तिने कार्ड पुढे केलं. "ताई, आता कोणती तारीख लिहिता?"