दोन टप्पे चालतात, मग अवघड काय?

पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताने 29 पदकं मिळवली, तेव्हापासून आमच्या सांगलीकर भावंडांच्या ग्रुपवर एकच भांडण चालू आहे: सुवर्णाला 75 लाख, म्हणजे थेट ऑलिम्पिकइतके, कशाला? परवा कुणीतरी व्हीलचेअर टेनिसचा व्हिडिओ टाकला आणि दादाने लिहिलं, "यांना चेंडूचे दोन टप्पे चालतात. मग अवघड काय?"

दादा, खुर्चीला बाजूला पाऊल टाकता येत नाही. चेंडू मागे पडला की अख्खी खुर्ची वळवायची, तीही रॅकेट धरलेल्या हाताने चाक ढकलत. डिलन अल्कॉट खेळायचा त्या क्वाड गटात तर हातातही बळ कमी असतं. काही जण रॅकेट पंजाला पट्टीने बांधून घेतात.

हा मी राहते त्या ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा, आमचा पोरगा. जन्मतःच मज्जारज्जूला गाठ. 17व्या वर्षी बीजिंगला व्हीलचेअर बास्केटबॉलचं सुवर्ण, मग टेनिस, आणि 2021 मध्ये एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅम शिवाय टोकियोचं सुवर्ण. एकेरीची ग्रँड स्लॅम एकूण 15. यूएस ओपनने 2020 मध्ये व्हीलचेअर स्पर्धा परस्पर वगळली, तेव्हा त्याने जाहीरपणे जाब विचारला आणि त्यांना निर्णय फिरवावा लागला. 2022 मध्ये 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' झाला आणि दोनच दिवसांनी ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य कोर्टावर, रॉड लेव्हर अरेनात, शेवटची फायनल हरला. हरल्यावर आम्ही हळहळलो ते टेनिससाठी. कीव कुणालाच आली नाही.

पैशाचं म्हणाल तर 2021 पर्यंत इथे ऑस्ट्रेलियात पॅरालिम्पिकच्या पदकाला ऑलिम्पिकसारखं बक्षीस मिळत नव्हतं. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही.

आणि सांगलीने तरी हा वाद घालू नये! आपल्या पेठचे मुरलीकांत पेटकर 1965च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, त्यांनी 1972 मध्ये पोहण्यात सुवर्ण आणलं. पद्मश्री मिळायला 2018 उजाडलं. पॅरिसला गोळाफेकीत रौप्य मिळवणारा सचिन खिलारीही आपल्याच जिल्ह्याचा.

इतक्या तावातावाने मी फक्त सांगलीशी भांडते. आमच्या रस्त्यावरच्या ट्रामला अजून पायऱ्या आहेत. खुर्चीवरचा माणूस थांब्यावरच राहतो, मी मायकी, म्हणजे तिकिटाचं कार्ड, टॅप करून जागा पकडते. पासपोर्ट इथला, मतदान इथलं, तरी तक्रारीच्या दोन ओळी माझ्याच्याने लिहवत नाहीत. वाटतं, आपण कोण यांना सांगणारे?

दादा म्हणतो, तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस. मग शिकवू कुणाला? इथे माझं कोण ऐकतं?