सेट बसता बसत नाही

इंग्रजीतल्या लांबलचक शब्दांना मी भीत नाही. कोश उघडला की ते एखादा अर्थ हातावर ठेवून निमूट निघून जातात. भ्यावं ते ‘सेट’ला. रोमन लिपीत अक्षरं तीन आणि ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत अर्थ ४३०!

किल्ली मात्र मराठीतच आहे. ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे बसवणे. हाड बसवा, कोंदणात हिरा बसवा, सगळं चपखल बसतं. मग गजर, सापळा आणि आग आली की ‘बसवणे’ हात टेकतं आणि ‘लावणे’ धावून येतं. (कुलूप, दिवा, जीव आणि वाट एकाच क्रियापदाने लावणाऱ्यांनी इंग्रजीला फार हसू नये.)

कर्म गायब झालं की गोष्टी आपापल्या बसू लागतात. सूर्य मावळतो, जेली थिजते, सिमेंट पकड घेतं. साध्या सिमेंटची पहिली पकड साधारण अर्ध्या तासानंतर, शेवटची दहा तासांच्या आत. पण ‘सेट झालं’ म्हणजे फक्त आकार धरला. ताकद पुढे कित्येक दिवस वाढत राहते. हा फरक न कळता त्यावर वजन टाकणाऱ्याला व्याकरण तडा दाखवून शिकवतं.

संच या अर्थाचा ‘सेट’ तर मुळात वेगळ्याच घरचा, लॅटिन ‘सेक्टा’पासून जुन्या फ्रेंचमार्गे आलेला. गणितात त्याच्या आत काहीच नसलं तरी तो सेटच. टेनिसमध्ये मात्र किमान सहा गेम लागतात.

खरा छळ शेपटांचा. एकटा ‘सेट ऑफ’ घ्या: प्रवासाला निघणे, स्फोट घडवणे, रूप खुलवणे, शिवाय हिशेबात येणं-देणं वळतं करणे. ‘सेट अप’ म्हणजे उभारणे, आणि माणसाला कटात अडकवणेही. म्हणून मी आधी कर्म पाहतो, मग शेपूट, आणि क्रियापदाकडे सर्वांत शेवटी.

तरी काळ उरतोच. सेट, सेट, सेट: तिन्ही रूपं एकच. इंग्रजी ‘ही’, म्हणजे ‘तो’, कर्ता असेल तर वर्तमानकाळात शेवटी ‘स’ लागतो, तेवढाच आधार. ‘दे सेट द रूल्स’ यात नियम ठरवतात की ठरवले, हे कळायला आजूबाजूला एखादा ‘काल’ पडलाय का ते शोधायचं. बहुधा नसतोच.