स्वप्नातली जाणीव तपासता येते

‘स्वप्न पडत असतानाच ते स्वप्न असल्याचे कळणे हा केवळ त्या व्यक्तीच्या सांगण्यावर विसंबून मानायचा अनुभव आहे’ हे आपल्या स्वप्नांविषयीच्या लेखातील विधान मला पटले नाही. झोपेच्या ज्या अवस्थेत डोळे जलद हलतात, त्या अवस्थेत शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल पडलेले असले तरी डोळ्यांचे स्नायू मोकळे असतात. याचाच आधार घेऊन संशोधक कीथ हर्न यांनी 1975 मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात, झोपलेल्या व्यक्तीने स्वप्नातून आधी ठरवलेल्या पद्धतीने डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून दिलेली खूण यंत्रावर नोंदवली. पुढे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनीही तेच दाखवले, आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार देशांतील संशोधनात तर झोपलेल्या काही जणांनी ‘आठातून सहा वजा’ अशा साध्या गणिताचे उत्तरही डोळ्यांनी दिले. या विषयावरील लेखात हे यायलाच हवे होते.

वडील गेल्यानंतरच्या आषाढी वारीत, पालखी पुण्यात मुक्कामाला असताना, ते लक्ष्मी रस्त्याच्या कडेला टाळ घेऊन उभे असल्याचे मला स्वप्नात दिसले. ते आता नाहीत, म्हणजे हे स्वप्न आहे, हे त्या क्षणी मला स्पष्ट कळत होते आणि तरीही मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. ही जाणीव जागी होती हे कदाचित यंत्राने टिपले असते. ती भेट माझ्यासाठी काय होती, हे मात्र मलाच सांगावे लागेल, आणि संशोधकांनी तेही तितक्याच काळजीने लिहून घ्यावे असे मला मनापासून वाटते.