लॅब३-बिघडलेला उर्फ कडक

परवा दुकानात एक बाई आल्या. फोनमधलं आधारकार्ड ब्लूटूथने माझ्या कॉम्प्युटरवर पाठवायचं आणि दोन्ही बाजू एका कागदावर काढून न्यायच्या, एवढंच काम. त्यांनी फोनवरची यादी बघितली, माझ्याकडे बघितलं, परत यादी बघितली.

"दादा, इथं 'बिघडलेला' म्हणून येलालंय. तुमचंच का?"

माझंच होतं. "चालू आहे हो, नुसतं नाव तसं आहे," हे माझं वाक्य संपायच्या आत बाई पायरी उतरून शेजारच्या दुकानात. त्या शेजाऱ्याचा प्रिंटर कागद चावल्याशिवाय बाहेर टाकत नाही. पण त्याच्या कॉम्प्युटरचं नाव 'डेस्कटॉप-' आणि पुढे काहीतरी अगम्य अक्षरं. विंडोज स्वतःहून असलीच नावं ठेवतं, आणि अगम्य नावावर गिऱ्हाइकाचा लगेच विश्वास बसतो.

माझं दुकान सोलापुरात कोर्टाच्या बाजूला. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म. मशीन एका बंद पडलेल्या क्लासच्या सामानातून घेतलेली. आत विंडोजऐवजी लिनक्स होतं, ते तसंच ठेवलं. फुकट आहे, आणि दिवसभर लोकांच्या पेनड्राइव्हमधून जे काय उतरतं त्यातलं बहुतेक त्याला बाधत नाही. नाव मात्र इंग्रजी अक्षरांत 'लॅब३-बिघडलेला'. कधीतरी ती खरोखर बिघडली असणार, तेव्हा कुणीतरी इमानेइतबारे तशी नोंद केली. दुरुस्त झाल्यावर नोंद खोडायला कोण येतंय? बिघाडाची नोंद करायला आपल्याकडे माणसं असतात, बरं झाल्याची करायला नसतात.

तर बाई गेल्या, आणि मी ठरवलं की आत्ताच्या आत्ता हे नाव बदलायचं. दोन मिनिटांचं काम. दोन मिनिटांचंच झालं असतं, पण दुकानात अण्णा होते.

अण्णा म्हणजे रिटायर्ड अर्जनवीस. आयुष्यभर कोर्टाच्या आवारात झाडाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिले. आता टेबल गेलं, झाडही गेलं, पण सकाळी साडेदहाला कोर्टाकडे यायची पायांची सवय जात नाही, म्हणून ते माझ्या स्टुलावर बसतात. पेपर माझा, चहा माझा, पंख्याचं तोंड त्यांच्याकडे. शर्टाच्या खिशाला खालच्या कोपऱ्यात शाईचा निळा डाग, तो म्हणे धुतलेल्या शर्टालाही आपोआप येतो. कागद मोजायला मी काउंटरवर ओला स्पंज ठेवलाय प्लॅस्टिकच्या वाटीत. अण्णा बोलायच्या आधी त्यात बोट बुडवतात. हातात कागद नसला तरी.

"काय करलालास बे?"

"कॉम्प्युटरचं नाव बदलतोय, अण्णा."

अण्णांनी पेपराची घडी घातली. बोट स्पंजात गेलं. "कारण?"

"कारण काय. वाईट नाव आहे."

"असं चालत नस्तंय. विवाह, घटस्फोट, दत्तक, ज्योतिष, का आधीच्या कागदात चूक? चूक असेल तर ती दुरुस्ती. बदल वेगळा, दुरुस्ती वेगळी. राजपत्राला तू काय कळवणार?"

"अण्णा, हे राजपत्रात द्यायचं नसतं."

"मग लोकाला कसं कळणार? वडिलांचं नाव?"

"कुणाचं?"

"ह्याचं." बोट कॉम्प्युटरकडे.

चूक झाली असं म्हणणार नाही, पण मी उत्तर दिलं. म्हणालो, लायनस टोरवाल्ड्स. फिनलंडचा. १९९१ साली कॉलेजात असताना त्यानं ह्याचा गाभा लिहिला. अण्णा हे सगळं माझ्या रफ कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून घेत होते. "बाप फिनलंड, मुलगा सोलापूर," ते म्हणाले. "रहिवासाचा पुरावा लागंल."

तेवढ्यात एका वकिलाचा कारकून चाळीस पानं घेऊन आला, म्हणून थोडा वेळ शांतता. मग नवीन नाव काय ठेवायचं हा विषय निघाला आणि कारकूनही थांबला. सोलापुरात बारसं म्हटलं की कुणी उठून जात नाही.

मी म्हणालो, सिद्धेश्वर ठेवू. ग्रामदैवत आहे. अण्णा कडाडले, "दिवसातनं किती शिव्या घालतोस बे त्या मशीनला? देवाचं नाव घेऊन घालणार?" मुद्दा बरोबर होता. कारकून म्हणाला, हुतात्मा. गावाचा मान, शिवाय पुण्याला जाणारी गाडीही आहे. "नगं," अण्णा म्हणाले. "मशीनचं नाव हुतात्मा ठेवलं की ती पहिल्याच उन्हाळ्यात नावाला जागंल." मग अण्णांनी स्वतःचा प्रस्ताव मांडला. त्यात दुकानाचं नाव, मालकाचं नाव, पेठ, मु. पो., तालुका उत्तर सोलापूर असं सगळं होतं. मी समजावलं की लिनक्समध्ये हे नाव ६४ अक्षरांपलीकडे जात नाही, मध्ये जागा सोडायची नाही, फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ, आणि रेघही सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही.

"म्हणजे मराठी माणसाचं नाव नीट बसणारच नाही अशी सोय," अण्णा म्हणाले. एवढं ते एकच वाक्य मला आजही खोडता आलेलं नाही.

कॉम्प्युटरला नाव कसं द्यावं यावर इंटरनेटवाल्यांचं चक्क एक टिपण आहे. डॉन लिब्स नावाच्या माणसानं लिहिलेलं, आरएफसी ११७८, साल १९९०. स्वतःचं नाव देऊ नका, लांबलचक देऊ नका, दोन प्रकारे स्पेलिंग होईल असं देऊ नका. (हे आम्हाला सांगतात. जुन्या इंग्रजी कागदांवर आमच्या गावाच्या स्पेलिंगमध्ये एक एच होता, तो आता नाही, आणि तरी अधूनमधून कुठल्या तरी पाटीवर उगवतो.) आणि त्यात हेही आहे की भांडखोर किंवा लाज आणणारं नाव देऊ नका. म्हणजे 'बिघडलेला' ठेवू नये हे १९९० सालीच ठरलेलं होतं. क्लासवाल्यांनी वाचलं नाही, आणि गिऱ्हाईक माझं गेलं.

अण्णांना टिपणापेक्षा यादीत जास्त रस. नाव बदललं तर नोंद कुठल्या रजिस्टरात होते, हा त्यांचा खरा प्रश्न. त्यालाही उत्तर आहे. इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यात सगळ्या कॉम्प्युटरांची नावं एकाच फाइलमध्ये असायची. ती कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेत ठेवलेली, आणि एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाई आणि त्यांचे सहकारी ती सांभाळायचे. नवीन कॉम्प्युटर आला की त्यांना कळवायचं, त्यांनी यादीत घालायचं, मग बाकीच्यांनी ती यादी उतरवून घ्यायची. पुढे यादी आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस काढलं, म्हणजे एकाच यादीऐवजी नावांची नोंद ठिकठिकाणी वाटून ठेवायची पद्धत.

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तलाठीण होती म्हण की." त्या आवाजात आदर होता.

शेवटी नाव ठरलं 'कडक'. कडक भाकरीतला कडक. महिनोन् महिने टिकते, पावसाळ्यात मऊ पडत नाही. चारपाच अक्षरांत बसतं. कारकुनानं टाळी दिली आणि आपली चाळीस पानं विसरून गेला.

आज्ञा साधी आहे. सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम, पुढे नाव. त्यातलं सुडो म्हणजे हे मालकाच्या अधिकारानं कर. दिली. काही झालं नाही. लिनक्सची ही रीतच आहे, काम झालं तर तोंड उघडत नाही. अण्णांना ते पटलं नाही. शिक्का नाही, पोच नाही, आणि वर ओळीच्या सुरुवातीला अजून 'लॅब३-बिघडलेला'च दिसतंय. ते दिसणारच, काळी खिडकी बंद करून परत उघडेपर्यंत जुनंच दिसतं. उघडली. 'कडक' आलं.

ह्या आज्ञेला तीन नावं कळतात हे मी सांगायला नको होतं. एक कागदावरचं, एक तात्पुरतं, आणि एक लाडाचं. लाडाच्या नावात मात्र मराठी चालतं, जागा चालते, सगळं चालतं, आणि ब्लूटूथच्या यादीत तेच झळकतं. अण्णांनी लगेच मजकूर सांगितला, "कडक झेरॉक्स, सुस्थितीत चालू." मला 'सुस्थितीत' काढायचं होतं. अण्णा म्हणाले, नुसतं चालू लिहिलं तर लोक शंका घेतात. राहिलं.

इथवर मजा होती.

मग मी दुसऱ्या कुठल्या तरी कामाला सुडो वापरलं, आणि कॉम्प्युटर म्हणाला, कडक नावाच्या होस्टचा, म्हणजे मशीनचा, पत्ता लागत नाही. स्वतःचं नाव. आत्ता ठेवलेलं. वर ओळीत स्वतःच लिहितोय कडक, आणि खाली विचारतोय कोण कडक!

कारण असं की नाव एका फाइलीत बदललं, पण ईटीसी फोल्डरमध्ये होस्ट्स नावाची आणखी एक फाइल असते. लिनक्सच्या डेबियन-उबुंटू घराण्यात तिथं १२७.०.१.१ ह्या आकड्यापुढे मशीनचं स्वतःचं नाव लिहिलेलं असतं, स्वतःला हाक मारायला. तिथं जुनंच होतं. आज्ञा त्या फाइलीला हात लावत नाही. आणि ती फाइल सुधारायला परत सुडोच लागतं, ते आधी कुरकुरतं आणि मग उघडतं.

"साताबाऱ्यावर फेरफार झाला, आठ-अ ला नोंद नाही," अण्णा समाधानानं म्हणाले. "आता हिंड."

जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांत २०१७ पासून लिनक्स नसलेला एकही नाही. एवढी हुशार माणसं. आणि नाव बदललं की दुसऱ्या फाइलीतही बदलावं, हे त्यांनी माझ्यावर सोडलं. 'अरे, इथंही जुनं नाव आहे, बदलू का' असं विचारायला काय जातं? विचारत नाही. नंतर ओरडतं.

तेवढ्यात एक पोरगी आली, शिष्यवृत्तीचा फॉर्म, शेवटची तारीख, आई बाहेर रिक्षात. ब्राउझर मघाशी उघडाच होता, तो मध्येच मिटला होता. परत उघडला तर निरोप: हे प्रोफाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे, म्हणून कुलूप घातलंय. दुसरा कॉम्प्युटर कोण? लॅब३-बिघडलेला. ब्राउझर चालू असताना एक कुलपाची फाइल करतो आणि तीत मशीनचं नाव लिहितो. नाव बदललं, म्हणजे मशीन परकी झाली. एकाच खोक्यात, त्याच धुळीत, त्याच पंख्याच्या घरघरीत, हा म्हणतोय ते दुसरे गृहस्थ आहेत.

"मयत दाखव त्याला," अण्णा म्हणाले.

"अण्णा, जरा थांबा."

"मयत नाय तर बेपत्ता. सात वर्षं—"

"अण्णा!"

मला खरंच राग आला होता, आणि तो सगळा कॉम्प्युटरवरचा नव्हता. माझ्या दुकानात रोज हेच चालतं. पूर्व भागातली विडी कामगार बाई येते. आधारवर आडनावाचं एक स्पेलिंग, पीएफच्या कागदावर दुसरं, बँकेत तिसरं, आणि तिनं स्वतः तिन्हीतलं एकही लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्यानं ऐकलं तसं लिहिलं. माहेरचं तेलुगू नाव, लिहिणारा मराठी, टाइप करणारा जेवायच्या घाईत. पैसे तिचे, आणि ती तीच आहे हे सिद्ध करायचं कामही तिचंच. खिडकीवरून तिला सांगतात, दुसऱ्या कुणाचं तरी खातं आहे हे. तिला कुणी सुडो देत नाही.

कुलपाची फाइल उडवली, ब्राउझर उघडला, पोरीचा फॉर्म भरला. वीज होती हे नशीब.

आता होस्ट्स फाइल. मी जुनं नाव खोडून नवं लिहायला घेतलं तर अण्णांनी माझा हात धरला. अक्षरशः धरला, स्पंजाच्या ओल्या बोटांनी.

"खोडायचं नाय. लेखी जुनं कधी खोडत नस्तेत. लिही." आणि डोळे मिटून सांगायला लागले, झाडाखालच्या आवाजात: "मी खाली सही करणार, कडक उर्फ लॅब३-बिघडलेला, धंदा झेरॉक्स, राहणार सोलापूर, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदरहू दोन्ही नावं एकाच इसमाची असून—"

"अण्णा, तिथं एवढं मावत नाही."

"मग उर्फ तरी लिही."

उर्फ लिहायची सोय त्या फाइलीत आहे. एका आकड्यापुढे एक नाव, मग जागा सोडून दुसरं. पहिलं अधिकृत, बाकीची टोपणनावं. १२७.०.१.१ कडक लॅब३-बिघडलेला. सुडो गप्प झालं. आणि पलीकडच्या टेबलावरची दुसरी मशीन, जिचे प्रिंट ह्या मशीनवरून जातात आणि जी मघापासून अडून बसली होती, तिच्याही फाइलीत हीच दोन नावं, ह्या मशीनच्या पत्त्यापुढे, लिहून टाकली. तिनं साठवलेले सगळे प्रिंट एकदम ओकले, त्यात कारकुनाची चाळीस पानं दोनदा.

अण्णांनी पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला: सल्ला, मसुदा, ओळख पटवणे. एकूण रक्कम लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी म्हणालो, चहा वजा करा. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, चहा वजा केला, पंखा वजा करायला नकार दिला, आणि उरलेल्या पैशांत स्वतःच्या पेन्शनच्या कागदांच्या तीन तीन झेरॉक्स काढून घेतल्या. त्याही चांगल्या कागदावर. पावती मागतायत अजून.