फॉन्ट बावन्न अक्षरांत होत नाही

पुण्यातल्या डीटीपीवाल्यांच्या आणि छापखानेवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: मराठीची अक्षरं बावन्न आणि ती कधीचीच ठरलेली, फॉन्ट करणारा ती नुसती गिरवतो. हिंदीचा कुठलाही फॉन्ट मराठीला चालतो. चांगले फॉन्ट फुकट मिळत असताना पैसे मागणं म्हणजे लूट. दिवाळी अंकांची पानं लावणं हे माझं काम आहे, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

बावन्न हा आकडा शाळेतल्या तक्त्याचा. खिळे, म्हणजे शिशाचे सुटे टाइप, हाताने जुळवायच्या काळात जुळाऱ्यापुढे शेकडो खिळ्यांचा पसारा असे. तो इतका जाचक होता, की लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या प्रश्नात स्वतः लक्ष घातलं. संगणकामुळे हा पसारा नजरेआड झाला, पण संपला नाही. फक्त पहिली वेलांटी घ्या. ‘रि’मध्ये तिची कमान आखूड लागते, ‘स्थि’मध्ये तीच कमान अख्ख्या जोडाक्षरावरून पुढच्या दंडापर्यंत पोचावी लागते. म्हणून चांगल्या फॉन्टमध्ये वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या असतात आणि प्रत्येक वेगळी काढावी लागते. ‘आर्थिक’ लिहिलं, की त्याच वेलांटीच्या डोक्यावर रफार येऊन बसतो. वरच्या ओळीत नेमका ‘उद्धृत’ असला, तर त्याचा ऋकार खाली या रफाराला भिडू पाहतो. दोघांनाही श्वास घेता येईल एवढी जागा कोणीतरी डोळ्यांनी ठरवलेली असते.

आणि अक्षर एकदाचं ठरलेलं असतं, तर मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या धातूच्या टाइपानंतर कोणी नवीन काही केलंच नसतं. अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी विंडोजसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट केला तो संगणकाच्या पडद्यावर वाचण्यासाठी. कागदावरच्या शाईचे आणि पडद्यावरच्या ठिपक्यांचे प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरंही वेगळी.

हिंदीचा फॉन्ट चालतो, हे विधान मला सगळ्यात जास्त खटकतं. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली, मराठीची वळणं. राज्य सरकारच्या २००९च्या शासननिर्णयातही त्यांचा आग्रह आहे. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक संकेतावलीत, स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते सापडेलच असं नाही. पण खरी परीक्षा ऱ्य आणि ऱ्ह यांची. ‘आचाऱ्यांना बोलवा’ आणि ‘आचार्यांना बोलवा’ यांत एक स्वयंपाकी येतो आणि एक गुरुजी. हिंदीपुरता विचार करून केलेल्या काही फॉन्टमध्ये हा अर्धा र नसतोच. तिथे नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) आणि हलन्त (पाय मोडल्याची खूण) सुटे पडतात आणि ‘वऱ्हाड’ मोडून निघतं. लग्नपत्रिकेच्या पाच हजार प्रती छापून झाल्यावर हे लक्षात आलं, तर भरपाई कोण देणार?

आता फुकटाबद्दल. ‘लोहित’ हा फॉन्ट आपल्याला मोफत मिळतो, पण त्याची मुळं पुण्यातल्या मॉड्युलर इन्फोटेकमध्ये आहेत. श्री-लिपी हे डीटीपीचं सॉफ्टवेअर करणारी तीच ही कंपनी. पुढे रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीने तो मुक्त परवान्याखाली, म्हणजे कोणालाही वापरता येईल असा, आणला. ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा, त्यामागेही कितीतरी जणांचे हात आहेत. तुम्हाला पैसे द्यावे लागले नाहीत, याचा अर्थ कोणी राबलं नाही असा होत नाही. करणाऱ्याने आपण होऊन परवानगी दिली, एवढाच तो होतो. विकतचा फॉन्ट पेनड्राइव्हवरून उचलताना अशी परवानगी कोणीही दिलेली नसते. ती चोरीच आहे, आणि आपल्या धंद्यात ती रोज होते.

आपल्या अंकांच्या श्रेयपानावर मुखपृष्ठकाराचं नाव असतं, मुद्रकाचं असतं, मुद्रितशोधकाचंही असतं. यंदापासून तिथे फॉन्टचं आणि तो करणाऱ्यांचं नाव टाका. जागा लागते एका ओळीची.