कापूस हलला

आज सकाळी आमच्या समोरच्या खोलीतला कापूस हलला. दोन माणसं लावली, नवऱ्यानं स्वतः खांद्यावर गाठोडी घेतली आणि दीड तासात खोली खाली. मग झाडणं, पुसणं, दोन खाटा, त्यावर ट्रंकेतल्या ठेवणीतल्या चादरी. कारण उद्या ह्यांचे दोन मित्र पुण्याहून येऊन राहिले, थर्टी फर्स्टला.

हाच कापूस मागच्या आठवड्यात जागचा हलू शकत नव्हता. "कुठं ठेवू सांग? कोठ्यात ओल धरते. भाव चढला की एकदमच गाडीत भरू." मागच्या आठवड्यात माझी मैत्रीण येणार होती.

खरं म्हणजे एवढंच लिहायचं होतं. पण शाळेतून आल्यापासून डोकं काही शांत होऊन नाही राहिलं, म्हणून आता सगळंच लिहिते. ज्यांना लांबलचक वाचायचा कंटाळा आहे त्यांनी लाइक करून पुढं जा, राग नाही.

ती आणि मी अमरावतीला एकाच होस्टेलवर होतो. बी.ए.ची तीन वर्षं, मग बी.एड.चं एक, अशी चार वर्षं एकच खोली. माझ्या लग्नाला आता सतरा वर्षं झाली. या सतरा वर्षांत ती माझ्या घरी एकदाही आली नव्हती, आणि मी तिच्याकडे ठाण्याला गेले ती एका नात्यातल्या लग्नाच्या निमित्तानं, दोन तास. यंदा तिच्या लेकीला नाताळाच्या सुट्ट्या होत्या. फोनवर म्हणाली, येऊ का? मी म्हटलं, विचारते काय बे, ये!

आणि फोन ठेवल्यावर पोटात गोळा. घरी कसं सांगू?

मैत्रिणींनो, तुम्हीच सांगा. आपल्याकडे बाईच्या घरी कोण येतं? भाऊ येतो, वहिनी येते, मामा येतो, लग्नपत्रिका घेऊन दूरचा कोणीही येतो. नवऱ्याचे मित्र तर येतातच, त्यांना "भाऊजी" म्हणून आपण वाढतो. पण बाईची मैत्रीण? चार दिवस? मुक्कामी? तिला बसवायचं कुठं, हेच आपल्या घरांना माहीत नाही.

मागच्या डिसेंबरात हेच दोन भाऊजी आले होते. तेव्हाही कापूस हलला होता. जीप ठरवली, मेळघाटात सफारी झाली (वाघ दिसला नाही, पण वाघाचं पाऊल दिसलं हे वर्षभर ऐकते आहे), बहिरमच्या यात्रेत हंडीचं मटण झालं. आणि त्यासोबतचे रोडगे? ते साठ रोडगे मळले मी आणि गोवऱ्यांच्या आरावर भाजले सासूबाईंनी. तिकडं राहुटीत गाणी चालू होती. "वहिनी, हाताला काय चव आहे!" असं जाताना म्हणाले, एवढं खरं.

माझी मैत्रीण आली तेव्हा विचारलं, एक दिवस गाडी काढता का? उत्तर आलं, "वेचाईवर बाया लावल्या आहेत, मी कसा हलू? तुम्ही घरीच गप्पा मारा ना मस्त."

आता ते खोटं नव्हतं. डिसेंबर हे कामाचं तोंड. वेचायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर भाव ऐकून घाम फुटतो, तूर भरात आलेली, रात्री ओलिताची लाइन. हे मान्य. आणि पंचवीस तारखेला सकाळच्या थंडीत ते परतवाड्याच्या स्टँडवर तिला आणायला गाडी घेऊन गेले होते, हेही लिहून ठेवते, नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये लिहीलच. पण मग उद्या काय वेचाई संपते का? ३१ तारखेला कापूस झाडावर फुटायचा थांबतो का?

असो.

आम्ही दोघी आणि तिची लेक, अशा एसटीनंच गेलो चिखलदऱ्याला. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट, तिला त्याचंच एवढं कौतुक की तिकीट पर्समध्ये जपून ठेवलं. घाटात लेकीला उलटी झाली. वर पोचल्यावर तिनं कॉफी शोधली. इथं कॉफीची लागवड आहे असं मीच तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. तीन टपऱ्या फिरलो, तिन्हीकडे चहाच.

गाविलगडाच्या भिंतीशी बसून तिनं विचारलं, "तारीख?" मी म्हटलं, "१५ डिसेंबर १८०३." "कोणी घेतला?" "वेलस्ली." "तह?" "देवगाव, दोन दिवसांनी, आणि वऱ्हाड गेलं भोसल्यांच्या हातून." लेक आमच्याकडे बघतच राहिली. हे सगळं आम्ही एका साठच्या बल्बखाली पाठ केलं होतं, पण चार वर्षांत किल्ला काही पाहिला नाही. दोघींनाही घरून परवानगी नव्हती. चाळिशी ओलांडल्यावर पाहिला, तोही संध्याकाळची गाडी चुकेल या धाकात, घड्याळाकडे बघत बघत.

पण ते अडीच तास. काय सांगू.

बाकीचे तीन दिवस कसे गेले विचाराल, तर स्वयंपाकघरात. ह्यांचे पाहुणे आले की ह्यांना सुट्टी असते. माझी पाहुणी आली तर मला दुप्पट काम, कारण पाहुणीही माझी आणि चूलही माझीच. तिच्यासाठी तुरीच्या सोल्यांची भाजी केली, पुडाच्या वड्या केल्या. सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, निवडायला तीच बसली. पहिल्या दिवशी मी "सांबार आण" म्हटलं तर तिची लेक फ्रिजमध्ये इडलीचं सांबार शोधत होती. रात्री अकराला भांडी घासताना आमच्या खऱ्या गप्पा. ती विसळत होती, मी घासत होते. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "पाव्हणीले भांडे घासाले लावते काय वं?" मी म्हटलं, मग कधी बोलू तिच्याशी? त्या काही बोलल्या नाहीत, आत निघून गेल्या.

आणि झोपली ती कुठं? मधल्या खोलीत, सासूबाईंच्या खाटेजवळ खाली गादी टाकून. लेक मात्र दुपारी समोरच्या खोलीत शिरली आणि कापसाच्या ढिगात उड्या मारून मारून खेळली. रात्रभर अंग खाजवत होती. खोबरेल तेल लावता लावता माझी मैत्रीण हसत होती, पण मला हसू आलं नाही.

आता मुख्य गोष्ट. सासूबाई. तीन दिवस शेजारणी येत होत्या, कोण आली बघायला. आणि आमच्या आई प्रत्येकीला सांगत होत्या, "माह्या सुनेची मावसबहीण होय. मुंबईले राह्यते." मी तिथंच उभी! ती तिथंच बसलेली! पहिल्यांदा आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. चौथ्यांदा ऐकलं तेव्हा माझं टाळकं सरकलं. मैत्रीण हा शब्द एवढा जड आहे का? लाज वाटते का सांगायची? असं मी रात्री ह्यांना बोलले, चांगलंच बोलले. ते म्हणाले, "जाऊ दे ना, तिला काय फरक पडते?"

पण थांबा. लिहिता लिहिता आठवलं, आणि आता लपवून काय करू. ही मावसबहीण सासूबाईंच्या आधी मीच जन्माला घातली होती. वर्षअखेरच्या दोन सीएल उरल्या होत्या, त्या टाकताना मुख्याध्यापकांनी विचारलं, काही कार्यक्रम? माझ्या तोंडून निघालं, "मावसबहीण येऊन राहिली, सर." मैत्रीण येते म्हणून रजा मागायची माझीच हिंमत झाली नाही. इतिहास शिकवते मी नववी-दहावीला. पोरींना सांगते, ठामपणे बोला. घरी येऊन हेच मी सासूबाईंसमोर हसत हसत सांगितलं होतं. त्यांनी तेच उचललं.

म्हणजे त्यांच्यावर ओरडायचा हक्क मला किती, ते तुम्हीच ठरवा. कापसाचा राग मात्र कमी होत नाही. तो वेगळा.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्या दोघी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी आत पोळ्या लाटत होते, अर्धंमुर्धं कानावर येत होतं. सासूबाई सांगत होत्या की माहेरी त्यांचीही एक मैतरीण होती. शिरजगावले देली तिले. इथून शिरजगाव किती, तर बारा-तेरा किलोमीटर. मैत्रिणीनं विचारलं, मग भेटता का? सासूबाई म्हणाल्या, "चाळीस-बेचाळीस वर्सं झाले. कोन्त्या नात्यानं जाऊ माय? कोनाच्या घरी काय सांगू?"

माझी पोळी करपली त्या दिवशी.

जाताना त्यांनी तिची ओटी भरली. माहेरवाशिणीची भरतात तशी, साडी नेसवून, तांदूळ, नारळ, सगळं. सोबत पाच किलो तुरीची डाळ, शेंगांचं पोतं, डब्यात लाडू. ती वाकून पाया पडली तर तिच्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "येजो वं माय." ह्यांच्या मित्रांना जाताना टोपी-दुपट्टा असतो, तो रिवाज. हे मी त्यांना कोणासाठी करताना पाहिलं नव्हतं.

तर आज सकाळी कापूस कोठ्यात गेला. खाली मेणकापड टाकलं, वर ताडपत्री. ओल काही धरली नाही. मी डबा भरत होते, एक शब्द बोलले नाही, पण ह्यांना कळलं असेल, कारण त्यांनी दोनदा विचारलं, "चहा मी करू काय?" करा म्हटलं. केला. साखर जास्त होती. उद्या रोडगे मी मळणार नाही, हे इथं लिहून ठेवते. सगळ्यांच्या साक्षीनं. बहिरमला हॉटेलं आहेत.

आत्ता हे टाइप करत असताना सासूबाई येऊन खाटेवर बसल्या. विचारलं, "तुही मावसबहीण आता कई येते?"

मी म्हटलं, आई, तुम्हालाही माहीत आहे ती मावसबहीण नाही म्हणून.

"माईत आहे ना वं," त्या म्हणाल्या. "उनाळ्यात बलाव तिले. तवा घरात कापूस नसते. ते कुलर मात्र रिपेर करा लागन."